टोटल लॉसची गाडी 'डोळे झाकून' घ्यायची?

वाशिष्ठीकाठ: परवा हिशेबी यांनी लिहिलं की विम्यात टोटल लॉस झालेली, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही म्हणून विमा कंपनीने निकालात काढलेली गाडी दुरुस्त होऊन निम्म्या भावात मिळते, ती डोळे झाकून घ्यावी, घाबरणारे लोक उगाच शोरूमची धन करतात. वाचून डोकंच फिरलं.

माझ्या भावाने 2022 च्या दिवाळीत एका डीलरकडून 2018 ची पेट्रोल गाडी घेतली. सव्वातीन लाख. रंग चकचकीत, सीटकव्हर नवी, आत अत्तराचा घमघमाट. पहिल्याच पावसाळ्यात काचा आपोआप खाली यायला लागल्या. मग एअरबॅगचा दिवा लागला तो विझेचना. शेवटी मेकॅनिकने सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला. टोकाची वीतभर पट्टी मातकट, आणि सीटच्या रुळांत वाळलेला गाळ. आम्ही चिपळूणचे. 22 जुलै 2021 ला आमच्या स्वयंपाकघरात पुरुषभर पाणी होतं. पुराचा गाळ कसा दिसतो हे मला कुणी शिकवायला नको.

आरसी बुकात मात्र याचं एक अक्षर नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेला की टोटल लॉस. सांगाडा लिलावात जातो, कुठल्यातरी गॅरेजात उभा राहतो, 29 आणि 30 नंबरचे फॉर्म भरले की नव्या मालकाच्या नावावर. विमा कंपनीला माहीत, विकणाऱ्याला माहीत, फक्त घेणाऱ्याला नाही. ही उघड फसवणूक आहे.

हिशेबी: ताई, भावाचं वाईट झालं. पण तुम्ही पुराची गाडी आणि ठोकलेली गाडी एकाच दावणीला बांधताय. माझी गाडी मागून ट्रकने ठोकलेली. डिकी, बंपर, मागचा पत्रा, बस. गाडी जुनी म्हणून आयडीव्ही अडीच लाख आणि वर्कशॉपचं एस्टिमेट दोन लाख पाच हजार. झाली टोटल लॉस! बाहेर तेच काम 70 हजारांत झालं. 60 हजार किलोमीटर चालवली, इंजिनाने कुरकुर केली नाही. टोटल लॉस हा हिशेब आहे, गाडीचं मरण नव्हे.

पान्हा_सातारा: 22 वर्षं गॅरेज चालवतोय. हिशेबी म्हणतात ते खरं आहे, पण अर्धंच. पत्रा सरळ होतो. चॅसी वाकली असेल किंवा दोन गाड्या कापून एक केली असेल तर लांबूनच नमस्कार. दाराचं रबर सोडवून पिलरवरचं वेल्डिंग बघा. कंपनीचे स्पॉट एका अंतरावर, एका मापाचे असतात. हाताने केलेलं लपत नाही. डॅशबोर्डपर्यंत बुडालेली गाडी तर फुकट दिली तरी नको, वायरिंगचे कनेक्टर आतून सडत राहतात. पण ताई, आरसीवर शिक्का मारायला लागले तर नीट केलेली गाडीही कोण घेणार नाही. आमची चार पोरं घरी बसतील.

एडिसनकर: पान्हादादा, इथे न्यू जर्सीत शिक्का असतो. कागदावर आधी 'साल्व्हेज' (निकालात काढलेली), दुरुस्ती आणि तपासणी झाली की 'रिबिल्ट' (पुन्हा उभी केलेली). तरीही गाड्या विकल्या जातातच, कमी भावाने आणि सांगून. फुल विमा मिळायला त्रास होतो, तो घेणाऱ्याने आधीच धरलेला असतो. लबाडी इथेही आहे. ऑक्टोबर 2012 च्या सँडी वादळानंतर भिजलेल्या गाड्या दुसऱ्या राज्यात नेऊन कोरे कागद काढायचे प्रकार झाले. पण चॅसी नंबर टाकून जुना शिक्का शोधायची सोय तरी आहे. तुमच्याकडे शोधणार काय?

पंचगंगा_2019: शिक्क्याचं राहू दे, आधी विमा कंपन्यांचं बोला! ऑगस्ट 2019, कोल्हापूर. पाणी ओसरल्यावर मी एकदा, फक्त एकदा चावी फिरवली. सर्व्हेअर म्हणाला हायड्रोस्टॅटिक लॉक, म्हणजे पाणी शिरून इंजिन अडकलं, इंजिनचा क्लेम बसत नाही. 1 लाख 40 हजारांचं इंजिन माझ्या बोडक्यावर. शेवटी एजंटला देऊन टाकली.

हिशेबी: बुडालेली गाडी स्टार्ट केलीच कशाला? सिलिंडरात पाणी गेलं की रॉड वाकणारच. पॉलिसीसोबत इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे अशा वेळी इंजिनाचा खर्च देणारं जादा कवच, का नाही घेतलं?

पंचगंगा_2019: पॉलिसी देताना कुणी सांगितलं होतं? घरात गुडघाभर गाळ, आई नातेवाइकांकडे, आणि मी अॅड-ऑनची यादी वाचत बसू?

पान्हा_सातारा: बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि टो करून आणायची. दर पुरानंतर बोंबलून सांगतो, तरी निम्मे लोक चावी फिरवूनच येतात.

वाशिष्ठीकाठ: पंचगंगा, एजंटला पुराची आहे असं सांगितलंत का?

पंचगंगा_2019: त्याला दिसत होतंच की.

वाशिष्ठीकाठ: आणि त्याच्यापुढच्याला? माझ्या भावासारखाच कुणीतरी असेल तो. पूर आम्हीही सोसलाय. म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची?

पंचगंगा_2019: माझं नुकसान तुम्ही भरून देणार होतात का? उगाच चोर ठरवू नका.

काळा_कोट_नाशिक: भांडण थांबवा, मोठा धोका वेगळाच आहे. सांगाडा आरसीसकट का घेतात लोक? त्या कागदांवर चोरीची गाडी बसवता येते म्हणून. सांगाड्याचा चॅसी नंबर चोरीच्या गाडीवर ठोकला की चोरीचा माल कागदोपत्री स्वच्छ. माझ्या एका अशिलाची गाडी अशीच पोलिसांनी उचलली. पैसे गेले, वर चकरा. मोटार वाहन कायद्याच्या 55 व्या कलमात नष्ट झालेली किंवा कायमची निकामी गाडी 14 दिवसांत कळवायची तरतूद आहे. पण टोटल लॉस म्हणजे कायमची निकामी नव्हे, नेमकं तिथेच सगळे निसटतात.

हिशेबी: चोरीचं मला सुचलं नव्हतं. ठीक, 'डोळे झाकून' हे शब्द मागे घेतो. विकणाऱ्याने लिहून द्यावं हेही मान्य. पण माझी गाडी वाईट होती हे मरेपर्यंत म्हणणार नाही.

वाशिष्ठीकाठ: ती वाईट होती असं मी म्हटलंच नव्हतं. भावाची गाडी आता विकायला काढली आहे. एजंट म्हणतो, पुराचं बोलू नका, दोन लाख मिळवून देतो. सांगून विकली तर नव्वद हजार. रविवारी एकजण बघायला येतोय. भाऊ म्हणतो, आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखवू, मग चहा देऊ.