चाळीत पूर्ण खोलीभर पोटमाळा करायचाय, परवानगी कोणाची लागते?

खोली नं. २३:
नमस्कार मंडळी. मुंबईत लालबागला चाळीत पागडीची (मालकाला एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेली) खोली आहे, दुसऱ्या माळ्यावर, १२ बाय १५, उंची १३ फूट. आजोबांच्या वेळेपासून दारावर छोटा लाकडी पोटमाळा आहे, त्यावर गणपतीचं मखर, पितळेची भांडी आणि कोणालाच नको असलेल्या गाद्या. पोरगा यंदा दहावीला, खाली टीव्ही नाहीतर पाहुणे, म्हणून म्हटलं हा काढून गर्डर (लोखंडी तुळया) टाकून पूर्ण खोलीभर करू, लोखंडी जिना आणि वर टेबल, बेड. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो ८ दिवसांत करून देतो, सगळ्यांनीच केलंय, कोण विचारतंय. बायको म्हणते आधी विचारा. मालकाला विचारायचं का पालिकेला?

माळ्यावरचा:
दोघांना. नियमात सामानाचा माळा वेगळा आणि माणसाचा वेगळा. लॉफ्ट म्हणजे फक्त सामान, माळ्यापासून छतापर्यंत जास्तीत जास्त १.५ मीटर म्हणजे साधारण ५ फूट, खाली निदान २.१ मीटर मोकळं, आणि राहत्या खोलीवर २५ टक्केच. तुमची खोली १८० चौरस फूट, म्हणजे ४५, एक बेड टाकला की संपलं. खोलीभर करून वर राहायला लागलात की तो मेझनाइन (मधला मजला) झाला, तो एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधकाम करता येतं त्या हिशोबात मोजतात, आणि जुन्या चाळीत एफएसआय उरलाय कुठे? शिवाय १३ फुटातले ७ खाली सोडा, अर्धा फूट गर्डर-लादीचा, वर राहिले साडेपाच. पोराची उंची किती?

खोली नं. २३:
५ फूट ८. अजून वाढतोय 😅

गिरगावची काकू:
अहो आम्ही हेच केलं होतं. गर्डर भिंतीत घुसवले, शेजारच्यांनी तक्रार केली, पालिकेची ३५४-अ कलमाची "काम थांबवा" नोटीस आली आणि अर्धवट वेल्डिंग डोक्यावर ठेवून दोन पावसाळे काढले. वर मालकाने कोर्टात खेचलं ते वेगळंच. कॉन्ट्रॅक्टर तेव्हा फोन उचलत नव्हता बरं का.

भाडेकरू:
काकू म्हणतात ते खरंय, भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १६. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम केलं तर खोली खाली करून मागता येते. लाकडी पार्टिशन, किचनचा ओटा, फॉल्स सीलिंग, एसी हे त्यातून वगळलंय, पण पोटमाळा त्या यादीत नाही. म्हणून तोंडी "करा हो" वर जाऊ नका, कागदावर सही घ्या. रंग देणं, लादी बदलणं याला पालिकेची परवानगी लागत नाही, पण गर्डर म्हणजे काही रंगसफेदी नाही.

आणि जुना माळा तोडायच्या आधी असेसमेंटचा इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट (पालिकेच्या मालमत्ता कर खात्यातल्या नोंदीचा उतारा) काढून त्यात तो दाखवलाय का बघा. राहतं बांधकाम १७ एप्रिल १९६४ च्या आधीचं असेल तर पालिका ते टॉलरेटेड धरते, म्हणजे चालवून घेते, नवीन वाढवलेल्याला ते संरक्षण नाही. रीडेव्हलपमेंटमध्ये खोलीचं क्षेत्रफळ मोजताना हेच कागद काढतात, तेव्हा विनापरवाना माळा दाखवून जास्त जागा मिळेल या भ्रमात राहू नका.

माळ्यावरचा:
एक राहिलंच, चाळ लाकडी खांबांची असेल तर १२ फुटी गर्डरचं वजन कशावर टेकणार ते कॉन्ट्रॅक्टरला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. खालच्या घरात पण माणसंच राहतात. माझं ऐकाल तर आहे तो माळा तेवढाच ठेवा, कुजलेल्या फळ्या असतील तर मालकाला कळवून बदला, गाद्या भंगारात द्या आणि टेबल माळ्याच्या खाली लावा. मी माझ्या दहावीला तिथेच बसायचो, वरून मखराचा थर्माकोल पुस्तकात पडायचा तेवढाच त्रास.

खोली नं. २३:
बायकोला सगळं वाचून दाखवलं, ती "मी काय सांगत होते" मोडमध्ये गेलीय. कॉन्ट्रॅक्टरला "काम नको" म्हणून कळवलं. त्याला ५ हजार ॲडव्हान्स दिलाय, तो परत कसा घ्यायचा?

गिरगावची काकू:
ते कळलं की मलाही सांगा.