‘आग’, ‘ठणका’, ‘मुंग्या’: मधुमेहींच्या वेदनांचे शब्द

प्रश्न : मधुमेहींच्या पायांच्या तपासणीसाठी मराठी प्रश्नावली करत आहोत. ‘आग’ आणि ‘जळजळ’ यांत फरक आहे का? नुसतं ‘पाय दुखतात का?’ असं विचारलं तर चालेल?

— नाही चालणार. जळजळ सहसा छातीत, पोटात, डोळ्यांत होते. तळपायांची बहुधा ‘आग’ होते. साखरेमुळे बारीक नसा खराब झाल्या की रुग्णाच्या तोंडी हाच शब्द येतो. आग दोन्ही पायांत सारखी असते, बोटांपासून वर चढते आणि रात्री अंथरुणात वाढते. चादर लागली तरी तळवे हुळहुळतात. त्याच माणसाला ‘दुखतं का?’ विचारा, तो सरळ ‘नाही’ म्हणेल. त्याच्या लेखी ती आग आहे, दुखणं नव्हे.

— ‘चमक’ घालताना क्रियापद जपा. पायात चमक ‘निघते’ ती क्षणभराची, विजेसारखी. ती बहुधा नसेची. पाठीत चमक ‘भरते’ ती स्नायूची.

— ‘ठणका’ मात्र वेगळ्या रकान्यात हवा. नाडीबरोबर ठसठसणारं दुखणं म्हणजे ठणका: नखुरडं, गळू, दाढ. मधुमेही ‘ठणका लागलाय’ म्हणाला तर गोळी देण्याआधी बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा आणि टाचेच्या भेगा पाहा. आत पू असू शकतो.

— पोटऱ्यांसाठी दोन शब्द लागतील. ठरावीक अंतर चाललं की पोटऱ्या ‘भरून येतात’ आणि दोन-पाच मिनिटं थांबलं की मोकळ्या होतात, तिथे रक्तपुरवठ्याचा संशय घ्यावा. झोपेत पोटरीत ‘गोळा येतो’ तो निराळा. रात्री पाय खाटेखाली सोडल्यावर बरं वाटत असेल तर रक्तवाहिन्यांची तपासणी लांबवू नये. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून गुणोत्तर काढतात, ०.९ किंवा त्याखाली आलं तर अडथळा. पण मधुमेहात रक्तवाहिन्या कडक झाल्या की हा आकडा फसवा, चांगला येतो. मग पायाच्या अंगठ्यातला रक्तदाब मोजावा लागतो.

— ‘मुंग्या’ कुठे, ते विचाराच. अंगठा ते मधलं बोट, आणि हात झटकल्यावर आराम, असं असेल तर मनगटात नस दबलेली असते. दोन्ही पायांत मोज्यासारख्या असतील आणि मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी बरीच वर्षं चालू असेल, तर जीवनसत्त्व बी-१२ तपासायला सांगा.

— औषधाचंही या शब्दांवरच ठरतं. आगीवर साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत, आणि डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला बाधतात. त्याऐवजी प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटीन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलीन डॉक्टर कमी मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात. गुण यायला काही आठवडे लागतात. झापड आणि गरगर येते, म्हणून म्हाताऱ्या माणसांना रात्री उठताना जपायला सांगावं.

— ‘बधिर’ हा शब्द अनेकजण स्वतःबद्दल वापरतच नाहीत. त्याऐवजी ‘चप्पल पायातून निसटली तर कळतं का?’ असं विचारा. ‘नाही’ आलं की १० ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉन तंतूने तळवे तपासा. अशा पायाला गरम पाण्याचा शेक नको. भाजलेलं कळत नाही. पाय लाल, गरम, सुजलेला आणि तरी फारसा दुखत नसेल, तर त्यावर भार टाकू न देता त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. आतली हाडं खचत असू शकतात.