जपानी रेस्टॉरंटमध्ये दोनदा गेले, दोन्ही वेळा वाईट वाटून परतले. माझं मागवण्यात चुकतंय का?

ओकाझाकीची_दुभाषी

नमस्कार मंडळी. मी पुण्यात जपानीची दुभाषी म्हणून काम करते, बहुतेक दिवस चाकणला. त्याआधी तीन वर्षं जपानच्या आयची प्रांतात ओकाझाकीला होते. तिथल्या खाण्याची अशी गोडी लागली की फोनवर आईशी रोज तोच विषय. नागोया स्टेशनवर शिंकानसेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, फलाटावर किशिमेन मिळतात. रुंद चपट्या शेवया, गरम रस्सा, वर कात्सुओबुशीचे, म्हणजे सुकवलेल्या माशाचे, पापुद्रे वाफेनं थरथरत असतात. गाडी यायच्या आत उभ्याउभ्या खायचे. मी सांगत बसायचे, आई ऐकत बसायची. मग म्हणायची, "मला कधी खायला घालशील?"

म्हणून पुण्यात एका नावाजलेल्या जपानी रेस्टॉरंटमध्ये आधी मैत्रिणीला घेऊन गेले. मिसो सूप खदखदत आलं. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, ती घातल्यावर सूप उकळू द्यायचं नसतं, सगळा वास उडून जातो. तसाच तो गेला होता, नुसतं खारट पाणी उरलं होतं. टेम्पुराचं, म्हणजे त्यांच्या भज्यांचं, आवरण बोटभर जाड, खाली कागदावर तेलाचा डाग पसरत चाललेला. म्हटलं, शनिवारची रात्र, गर्दी होती, होतं असं.

दुसऱ्या वेळी आईचा वाढदिवस होता. दोन दिवस आधी फोन करून टेबल सांगितलं, मुद्दाम मंगळवार निवडला. आई मूळची हर्णैची. बंदरावरचा मासळीचा लिलाव बघत वाढलेली बाई, कच्च्या माशाला ती बिचकणार नव्हती. साल्मनची निगिरी मागवली, म्हणजे भाताचा मुटका आणि वर कच्च्या माशाचा तुकडा. तिनं एक उचलली तर भाताचा मुटका मधोमध दुभंगला. तिनं त्यातली चार शितं ताटलीत घेतली, बोटानं दाबली. ती दबेनात. मला हळूच म्हणाली, "हा भात सकाळचा आहे गो. गार करून ठेवलेला." मग माशाचा तुकडा उलटा करून बघितला. "ह्याला पाणी सुटलंय. शिळा भात आपण फोडणीला टाकतो, माशाखाली नाही ठेवत."

तरी सगळं संपवलं तिनं. वेटरनं विचारलं तेव्हा "छान होतं" म्हणाली. बिल 3,400 रुपये. पैशांचं मला तितकं नाही वाटलं. रिक्षात ती म्हणाली, "तुला तिथे हेच आवडायचं का?" आणि मला उत्तरच देता येईना. तीन वर्षं जे तिला सांगत आले, ते तिच्या लेखी आता हे झालं.

तर प्रश्न असा, की काय मागवलं असतं म्हणजे बरं मिळालं असतं? आणि भात ताजा आहे का, हे आधी विचारलेलं चालतं का? तिला परत न्यायचं धाडस होत नाहीये.

कढई_ते_काउंटर

ताई, मी मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये अकरा वर्षं काढली, त्यातली चार सुशी काउंटरवर. तुमच्या आईंनी जे ओळखलं ते शंभर टक्के बरोबर आहे. शिजलेला भात फ्रिजमध्ये गेला की त्यातला स्टार्च घट्ट होतो, शून्य ते पाच अंशाला सगळ्यात लवकर. सुशीचा भात अंगाच्या ऊबेइतका कोमट हवा. आपल्याकडे होतं काय, सुशी मागणारी गिऱ्हाइकं थोडी, म्हणून सकाळी एकदाच भात लावतात आणि उकाड्याच्या भीतीनं थंडीत टाकतात. खरं तर त्यात व्हिनेगर असतं. ओल्या फडक्याखाली झाकून ठेवला तर काही तास काही होत नाही. त्यापेक्षा थोडाथोडा दोनदा लावावा, पण त्याला एक माणूस जास्त लागतो.

माशाचं मात्र एक सांगतो. गोठवलेला असणं हा दोष नाही. कच्चा खायचा मासा उणे 20 अंशांत सात दिवस ठेवतात, त्यानं आतल्या अळ्या मरतात. पाणी सुटतं ते ऑर्डर आल्यावर घाईनं वितळवला की. रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सावकाश वितळू दिला की तो घट्ट राहतो.

विचारायला अजिबात लाजू नका. "सुशीचा भात किती वाजता लावला?" एवढंच विचारा. जिथे भात नीट लावतात तिथला माणूस वेळ सांगतो. आणि जमलं तर टेबल घेऊ नका, काउंटरवर बसा. समोर वळलेली निगिरी लगेच तोंडात गेली पाहिजे. ती टेबलावर फोटो काढेपर्यंत थांबली तरी उतरते.

अजून एक. आईंनी "छान होतं" म्हटलं, ते त्यांच्या स्वभावानं. पण तुम्ही मॅनेजरला तिथेच सांगायला हवं होतं. आत आम्हाला कळतच नाही हो. ताटल्या रिकाम्या परत आल्या की आम्ही समजतो, सगळं ठीक आहे.

निशी_कासाईतून

मी तोक्योत आहे आणि शाकाहारी आहे, म्हणून माझी निराशा वेगळी. पुण्याला आले की "व्हेज" लिहिलेलं सूप मागवते आणि त्यात दाशी, म्हणजे सुपाचं मूळ पाणी, कात्सुओबुशीची निघते, म्हणजे मासाच. मुद्दाम कोणी फसवत नाही, तयार पावडरीत तो असतो हेच त्यांच्या लक्षात नसतं. कोम्बू (समुद्री शेवाळ) आणि सुकी शिताके (अळंबी) रात्रभर पाण्यात भिजवली की सुंदर दाशी होते, इथल्या देवळांमधलं जेवण त्यावरच चालतं. एवढं साधं असून कोणी करत नाही, याचं फार वाईट वाटतं.

तुझ्या आईंसाठी माझं ऐकशील तर निगिरी सोड. घरीच भात लाव. इंद्रायणी घे.

ओकाझाकीची_दुभाषी

दोघांचेही मनापासून आभार. दादा, मॅनेजरला सांगायला हवं होतं, हे पटलं. काल फोन करून शांतपणे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही.

आणि रविवारी घरी भात लावला. दोन वाट्या इंद्रायणी, पाणी हात राखून. तीन मोठे चमचे राइस व्हिनेगर, दीड चमचा साखर, पाऊण छोटा चमचा मीठ, हे कोमट करून विरघळवलं. लाकडी तसराळं नव्हतं, परात घेतली. मी उलथन्यानं भात कापल्यासारखा हलवत होते आणि आई सुपानं वारा घालत होती. एका क्षणी भातावर चकाकी आली. तीच ती, ओकाझाकीला घराखालच्या दुकानात रोज बघायचे ती. आईला म्हटलं, "हे बघ, हे!" तिनं एक शीत उचलून दाबलं, खाल्लं, मग परातीतून मूठभर घेतला.

काकडीच्या आणि ऑम्लेटच्या गुंडाळ्या केल्या, कच्चा मासा आणला नाही. इंद्रायणीचा स्वतःचा वास राहतो थोडा, तो तिथल्या तांदळाला नसतो. आईला तोच जास्त आवडला.

फक्त गुंडाळ्यांची नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाची ती कागदासारखी पानं, दोन दिवसांत सादळली. चिवट झालीये. टाकून द्यायची का?

कढई_ते_काउंटर

टाकू नका ताई. पापड भाजतो तशी मंद आचेवर लांबून, दोन्ही बाजूंनी क्षणभर फिरवा, परत कुरकुरीत होते. उरलेली त्या पाकिटातल्या ओल शोषणाऱ्या पुडीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि गुंडाळी केली की लगेच खा, आईंना आधी.