भाच्याचा पहिला सोल्डरिंग आयर्न: साधा २५ वॉटचा की तापमान ठरवता येणारा?

रामबागकर: भाच्याला सर्किटांचं वेड लागलंय. परवा त्याला घेऊन जेल रोडवर गेलो. दुकानदाराने सर्किटाला डाग द्यायचा साधा २५ वॉटचा आयर्न पुढे केला. मी नको म्हटलं. तसाच वापरून मी कितीतरी बोर्ड जाळलेत. नुसता लावून ठेवला की टोक तापत राहतं, काळं पडतं, मग त्याला सोल्डर, म्हणजे डागाचा वितळणारा धातू, धरत नाही. आणि तांब्याच्या मोठ्या पट्ट्यावर टेकवला की लगेच गार. पोराच्या हातात पहिल्यापासून ६० वॉटचा, तापमान बांधता येणारा द्यावा.

जुना रेडिओवाला: साफ चूक. मी २५ वॉटवरच शिकलो, आजही त्याच्यावरच रेडिओ दुरुस्त करतो. ठेवण्याआधी टोकाला ताजं सोल्डर चोपडून ठेवा, काळं पडणार नाही. फक्त कानस मारू नका. हल्लीच्या टोकांवर लोखंडाचा मुलामा असतो, तो गेला की टोक गेलं. वाचलेले पैसे सोल्डरवर घाला. ६३/३७ घ्या (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं), ते १८३ अंशांवर एकदम वितळतं आणि एकदम गोठतं. ६०/४० गोठताना क्षणभर लिबलिबीत राहतं. तेवढ्यात जोडायच्या भागाचा पाय हलला की जोड कच्चा.

रामबागकर: सोल्डरचं मान्य. पण जोडणं सोपं, काढणं अवघड. दोन्ही बाजूंना तांबं असलेल्या दुहेरी बोर्डात भोकाच्या आतूनही तांबं असतं, उष्णता पळून जाते. त्यात बिनशिशाचं सोल्डर असलं तर ते २१७ अंशांच्या आसपास वितळायला लागतं. २५ वॉटचा दाबून धरत बसलं की पॅडच, म्हणजे पाय जोडायची तांब्याची टिकलीच, उखडते.

लोकमान्यनगरची: माझ्याकडे तापमानाचाच आयर्न आहे, तरी पॅडं उखडली. घाई माझी, सोल्डर नीट वितळायच्या आत पाय ओढायचे. आता जुन्या जोडावर आधी नवं सोल्डर घालते, मग सकर, म्हणजे वितळलेलं सोल्डर ओढून घेणारी पिचकारी. उरलेलं सोल्डर फ्लक्स (सोल्डर नीट वाहावं म्हणून लावायचा लेप) लावून विकने, म्हणजे तांब्याच्या विणलेल्या पट्टीने, टिपते. आयसी (बऱ्याच पायांची चिप) मेलेलीच असेल तर कटरने पाय कापून एकेक चिमट्याने काढते. नळकामाचा आम्लाचा फ्लक्स मात्र घरातसुद्धा नको, तो बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक खातो. भाऊ, भाच्याला आधी सकर आणि विक घेऊन द्या.

जुना रेडिओवाला: पाय कापायचं अगदी बरोबर. पण शिकणारा पोरगा दुहेरी बोर्डाला हात लावतो कधी? झिरो बोर्डवर, म्हणजे नुसत्या भोकांच्या कोऱ्या बोर्डावर, एलईडी लावेल. त्याला २५ पुष्कळ.

रामबागकर: हात लावलाय ना! घरातला बिघडलेला सेटटॉप बॉक्स उघडून बसलाय. रविवारी तुमचा आयर्न घेऊन या. त्याच बोर्डाचा एक कपॅसिटर तुम्ही काढा, एक मी काढतो. पॅड कुणाचं राहतं ते त्यालाच बघू दे.