प्रतिसाद: नुसता भात निम्मा करून भागणार नाही

लठ्ठ लॅब्रॅडॉर कुत्र्याचं वजन कसं उतरवायचं, या प्रश्नावर वर कुणीतरी त्याचा भात निम्मा करायला सांगितलंय, ते ठीकच. पण तेवढ्याने ३८ किलोचा लॅब्रॅडॉर ३० वर येणार नाही. ३० किलोच्या हिशेबाने दिवसाला साधारण ९०० कॅलरी, मधला वरचा खाऊ धरून. नारळ खवताना पुढ्यात टाकलेला ओल्या खोबऱ्याचा २५ ग्रॅमचा तुकडाच ९० कॅलरींचा, आणि घरातला प्रत्येकजण एकेक टाकतो! त्याऐवजी उकडलेली फरसबी द्या, बिनमिठाची. भाताच्या जागी साल काढलेलं उकडलेलं चिकन हवंच, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. आठवड्याला ३८० ते ७६० ग्रॅम उतरणं योग्य; त्याहून घाई नको. आपल्या दमट हवेत फिरवणं उजाडताच. महिनाभर काटा हललाच नाही तर डॉक्टरांकडून थायरॉइड तपासून घ्या.