आयसीयूतले जंतू म्हणे नातेवाईक आणतात!

सुलभा (नागपूर): परवा इथेच एका डॉक्टरांनी लिहिलं, "आयसीयूत नातेवाईकांना पाय ठेवू देऊ नका, निम्मं इन्फेक्शन आपोआप थांबेल." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय. मी आयसीयूत सिस्टर होते. ॲसिनेटोबॅक्टर नावाचा जंतू बसलेला असतो बेडच्या रेलिंगवर, शिरेतून औषध सोडणाऱ्या इन्फ्युजन पंपाच्या बटणांवर, मॉनिटरच्या वायरींवर. कोरड्या जागेवर तो आठवडेच्या आठवडे जगतो. एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा स्टॅफ जंतू, तर महिनोन्महिने तग धरल्याच्या नोंदी आहेत. एक पेशंट हलला की चादर बदलायची आणि पुढचा पेशंट त्याच बेडवर घ्यायचा. मधल्या वेळात रेलिंग, पंप, ट्रॉली, सगळं पुसायला एकच मावशी, तीही कॉन्ट्रॅक्टवर. नातेवाईक एकाच पेशंटचा हात धरून परत जातो. या बेडवरून त्या बेडवर दिवसभर फिरतो ते आपण, डॉक्टर-सिस्टर. मग जंतू कोणाच्या हातांवरून जाणार?

डॉ. विवेक: तो मीच. तुम्ही नातेवाईकांची फार बाजू घेताय. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या तोंडात तीर्थ घालताना मी लोकांना पकडलंय. उशाखाली अंगारा, नारळ, बाहेरच्या चपला, एका बेडमागे सहा माणसं. हे बंद नको करायला? आणि जंतू रेझिस्टंट, म्हणजे औषधांना दाद न देणारे, मुळात झाले कशामुळे? मेडिकलवाले चिठ्ठीशिवाय गोळ्या देतात म्हणून.

औषधवाला_सांगली: डॉक्टरसाहेब, तोंड सांभाळून. 2014 पासून शेड्यूल एच-1 लागू आहे, ठरावीक औषधं चिठ्ठीवरच द्यायची आणि नोंदवायची असा नियम. पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध, किती दिलं, सगळं रजिस्टरला चढवतो आणि तीन वर्षं जपून ठेवतो. मेरोपेनेम या जबर अँटिबायोटिकची व्हायल सर्दीवाला माणूस माझ्या काउंटरवर येऊन मागत नाही. ती जाते तुमच्या हॉस्पिटलच्या आतल्या फार्मसीतून, तुमच्या सहीने. आयसीयूतल्या ॲसिनेटोबॅक्टरवर कार्बापेनेम, म्हणजे मेरोपेनेमच्या गटातली औषधं, दहापैकी जवळपास नऊ वेळा चालत नाहीत, हे आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या अहवालात आहे. त्याचं खापर माझ्यावर?

मिरजकर: रजिस्टरचं सांगू नका दादा. आमच्या गल्लीत ॲझिथ्रो ही अँटिबायोटिक "तीन गोळ्या द्या" म्हटलं की मिळते.

औषधवाला_सांगली: मिळते, कारण मागच्या तापात डॉक्टरनेच ती लिहिलेली असते आणि लोक जुनीच चिठ्ठी घेऊन येतात. नाही दिली तर शेजारचा देतो. आम्हीही पोट भरायलाच बसलोय.

शेतकरी_पोल्ट्री: मेडिकल राहू द्या, कोंबड्यांचं बघा. शेवटचं औषध म्हणून आयसीयूत जे कोलिस्टिन देतात, ते 2019 मध्ये बंदी येईपर्यंत पक्षी लवकर वाढावेत म्हणून खाद्यात जात होतं. आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

डॉ. विवेक: आमच्यात वारेमाप अँटिबायोटिक लिहिणारे आहेत, नाही म्हणत नाही. पण दुकानदारांनी हात झटकू नयेत.

मनीषा_ठाणे: तुमचं भांडण चालू द्या, माझं ऐका. सासरे बायपासनंतर आयसीयूत होते. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप चढला, कल्चर पाठवलं, म्हणजे जंतू कोणता आणि त्यावर कुठलं औषध चालतं ते बघायची तपासणी. रिपोर्टमध्ये औषधांची रांग आणि प्रत्येकापुढे आर, आर, आर, म्हणजे रेझिस्टंट. फक्त कोलिस्टिनपुढे वेगळं काही. आम्हाला सांगितलं, "बाहेरून आलं असेल." आम्हाला तर काचेतूनच बघू देत होते! मग आणलं कोणी? सासरे गेले. त्या प्रश्नाला आजवर उत्तर मिळालेलं नाही.

सुलभा (नागपूर): मनीषाताई, तुमच्यासाठीच हे लिहायचं होतं. डॉक्टर, इटलीत फ्लॉरेन्सला आयसीयूत भेटीची वेळ खुली ठेवून बघितली, 2006 ला छापून आलंय. सेप्सिस, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनणं, वाढलं नाही, उलट हृदयाचे त्रास कमी झाले. अमेरिकेत रेलिंग-टेबलांवर न दिसणाऱ्या फ्लुरोसंट खुणा करून ठेवल्या आणि सफाईनंतर तपासल्या, तर निम्म्याहून जास्त जागांना फडका लागलेलाच नव्हता. कुठे राहिलं ते सफाईवाल्यांना दाखवून दिलं तेव्हा काम सुधारलं. आपल्याकडे काय करतात? इन्स्पेक्शन आलं की फ्युमिगेशन, म्हणजे खोलीत जंतुनाशक धूर सोडायचा. फॉर्मॅलिनचा वास सुटला की सगळे खूश, आणि पंपावरचा चिकट डाग तिथेच. धुराने डाग निघत नाही. आधी घासून पुसायचं, मग हायपो, म्हणजे ब्लीचचं जंतुनाशक. आणि त्या मावशीला हायपो किती पाण्यात किती घालायचं हे कोणीतरी शिकवायला हवं, दर सहा महिन्यांनी तिला बदलून नवी आणायची नाही.

डॉ. विवेक: फ्लॉरेन्सचं वाचलं. सेप्सिस वाढलं नाही, मान्य. पण खुल्या भेटीच्या काळात खोलीतले जंतू वाढले होते, हेही त्यातच आहे, ते तुम्ही गाळलंत. मावशींच्या बाबतीत तुमचं खरं आहे. पंप पुसला की नाही हे राउंडला मी कधी विचारत नाही, यापुढे विचारीन. बेडमागे एकच माणूस, यावरून मात्र हटणार नाही.

सुलभा (नागपूर): एक चालेल. त्याला हात धुवायला लावा, तीर्थ बाहेर ठेवायला सांगा, पण आत येऊ द्या. आणि हात धुणाऱ्यांत राउंडला येणारे कन्सल्टंटही धरा.

औषधवाला_सांगली: मेरोपेनेम कोण लिहितं, ते डॉक्टरांनी अजून सांगितलेलं नाही.