पुतणीला बायोटेक घ्यायचंय, हे नक्की असतं काय?

सावदेकर:
राम राम मंडळी. पुतणी बारावी झाली, नीटला मार्क कमी पडले, आता म्हणते बीएस्सी बायोटेक करते. आमचे मोठे भाऊ म्हणतात बीटी कापसाचं बियाणं बनवायला शिकवतात, ते शिकून पोरगी करणार काय? जळगावलाच कॉलेज मिळतंय. कोणी या लाइनमधलं असेल तर सांगा.

लॅबवाली:
दादा, बीटी कापूस (जंतूचा अळी मारणारा जीन घातलेला) त्यातला एक तुकडा झाला. पेशी, जंतू, एन्झाइम, जीन यांच्याकडून आपल्या कामाची वस्तू करून घ्यायची ते बायोटेक. इन्सुलिन पूर्वी गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढायचे, १९८२ पासून माणसाचा जीन ई. कोलाय नावाच्या जंतूत घालून बनवलेलं बाजारात आलं. हिपॅटायटिस बीची लसही यीस्टमध्ये तयार होते. आणि तुमच्या सावद्याकडे टिश्यूची केळी लावतात ना, तेही हेच. कंदातला कोंब निर्जंतुक करून बरणीत मिडियावर (पोषक जेलीवर) ठेवतात, हॉर्मोनचं प्रमाण असं धरतात की त्याला फुटवेच फुटत जातात, मग ते वेगळे करून दुसऱ्या मिडियावर मुळं आणायची आणि शेवटी शेडनेटमध्ये हार्डनिंग, म्हणजे रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावायची. यात बाहेरचा जीन घातलेला नसतो, हे मोठ्या भाऊंना आधी सांगा.

रावेरचा_भो:
टिश्यूची बाग एका टायमाला निसवते (घड टाकते) हे खरंय भो, कंदाची पुढंमागं होते. पण सीएमव्ही, तो मोझॅक व्हायरस, येतोच ना, मग लॅबवाले करतात काय?

लॅबवाली:
मातृझाड तपासलेलं असेल तर रोप स्वच्छ येतं, पण शेतात आल्यावर मावा व्हायरस आणतो, त्याला लॅब काय करणार. बागेत मध्ये काकडी-भोपळा लावू नका, त्यांच्यावरही हाच व्हायरस असतो. बीटीचंही तसंच, २००२ला परवानगी मिळाली तेव्हा बोंडअळी मरायची, आता गुलाबी अळी जुमानत नाही.

आता स्कोप. नुसत्या बीएस्सीवर पगार फार नाही, टिश्यू लॅबमध्ये नाहीतर क्वालिटी कंट्रोलला घेतात, बरेच जण तिथंच कंटाळून एमबीए करतात. एमएस्सी करायचीच असं ठरवून या. जीएटी-बी या प्रवेश परीक्षेतून डीबीटीच्या (केंद्राच्या बायोटेक खात्याच्या) एमएस्सी कोर्सला गेलं तर स्टायपेंडही मिळतो. लस, औषधं, डायग्नोस्टिक किटचं काम पुण्या-हैदराबादकडे जास्त, पोरीला तिकडे पाठवायची तयारी ठेवा. कॉलेज बघायला जाल तेव्हा लॅमिनार (निर्जंतुक हवेत काम करायचं कपाट) चालू आहे का आणि पोरं स्वतः हातानं पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायचा प्रयोग) लावतात का, एवढं विचाराच. काही ठिकाणी मशीनवर कव्हर घातलेलंच असतं!

सावदेकर:
धन्यवाद ताई. तिला बारावीला गणित नव्हतं, अडेल का?

लॅबवाली:
बीएस्सीला बहुतेक ठिकाणी अडत नाही. पण जॅमच्या (आयआयटी वगैरेंच्या एमएस्सी प्रवेश परीक्षेच्या) बायोटेक पेपरात बारावीपर्यंतचं गणित येतं, तेव्हा आत्तापासून थोडं थोडं करायला लावा.